जपानी पोरीचं कुलूप

शिरूरला केबल आली त्या वर्षी रंगीत टीव्ही होता माझ्या मैत्रिणीच्या घरी, म्हणून दर रविवारी सकाळी मी तिथं हजर. तिच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं. आमचे आईबाप दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन साखर कारखान्याच्या भागात जायचे ते उन्हाळ्यातच परतायचे, आणि त्यांच्याबरोबर मीही. वर्गात मात्र मी ठोकून दिलं होतं, की थंडीत मी औरंगाबादला मामाकडं शिकायला असते. मामा होता खरा, पण तो हमाली करायचा आणि स्वतःच दुसऱ्याच्या पडवीत झोपायचा.

त्या रविवारी नवीन जपानी कार्टून सुरू झालं, हिंदीत. पहिलाच भाग, पण त्याला शेंडा ना बुडखा. बटाट्याएवढ्या डोळ्यांची एक पोरगी शाळेत मागच्या बाकावर बसलेली. लगेच ती बर्फात, एका झोपडीत, काखेत लहान भाऊ. मग एकदम दुसरंच गाव आणि एक बंद घर. तिच्या गळ्यात किल्ली होती. पण कुलूप काढायच्या आधी तिनं काठी घेतली, दारावर धडाधड आपटली आणि नुसती उभी राहिली. तिथंच भाग संपला.

"केबलवाल्यानं मधलंच लावलं," मैत्रिणीचा भाऊ म्हणाला.

मैत्रिणीची आई भाजी निवडत बसली होती. "घर तिचंच हाय ना? मग दार कावून बडवती? आत कोण हाय?"

"भूत असंल," मैत्रीण म्हणाली.

मला राहवेना. बाकीच्यांना न कळलेलं मला लख्ख कळलंय, असं याआधी कधी झालं नव्हतं. त्यात मिरवायची हौस दांडगी. "आत कुणी न्हाई," मी म्हणाले. "घर सहा महिने बंद हाय. साप-विंचू शिरत्यात. आवाज केला की निघून जात्यात, म्हणून थांबायचं. शाळंत ती मधूनच येती, म्हणून मागं बसती. आईबाप कामाला गेल्यावर भावाला तीच सांभाळती."

मैत्रिणीच्या आईचा भाजीवरचा हात थांबला. "तुमी ऊसतोडीला जाता व्हय गं?" तिनं अगदी मायेनं विचारलं. मैत्रीण माझ्याकडं बघत राहिली. मामाचं नाव तिनं काढलं नाही, हे तिचे उपकार. निघताना तिच्या आईनं माझ्या हातात लाडू ठेवले. यापूर्वी कधी ठेवले नव्हते. शरमेनं मी तशीच पळत सुटले.

पुढं बाजारात तिची आई माझ्या आईला भेटली आणि 'तुमची पोरगी लई हुशार' म्हणाली. आईनं ते आठवडाभर गल्लीत सांगितलं. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझं मामाकडचं खोटं त्या घरात सगळ्यांना कळलं होतं, हे आईला ठाऊकच नव्हतं.

मी तिकडं फिरकले नाही, म्हणून रविवारी मैत्रीण बोलवायला आली. "चल की, आई बोलावती. तुझ्याबिगर आमाला काय कळंना."

आई दारात भांडी घासत होती. तिचा चेहरा फुलला. "येती की! आमच्या पोरीला समदं कळतंय."

"मला न्हाई कळत त्यातलं काई!" मी आतून ओरडले.

आईनं वळून माझ्याकडं पाहिलं. राखेचे हात तिनं लुगड्याला पुसले.

"न्हाई कळत म्हणती, बाई," ती मैत्रिणीला म्हणाली. "तुमी मनावर घेऊ नका."

माझ्याएवढ्याच पोरीला ती 'तुमी' म्हणाली, मुकादमापुढं बोलायची त्याच दबक्या आवाजात.