सर्व्हरवरची चिठ्ठी

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता पुसट झाल्या, पण वागळे इस्टेटमधली ही एक अजून तशीच आठवते. मी तेव्हा ठाण्यात एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो.

इस्टेटमधली एक छोटी सॉफ्टवेअर कंपनी कल्याण-डोंबिवलीतल्या डायलिसिस केंद्रांची वेळापत्रकं सांभाळायची. एका सोमवारी सकाळी सगळी वेळापत्रकं गायब. रुग्ण ताटकळले. मॅनेजर फिर्याद द्यायला आला. त्याचा संशय नुकताच राजीनामा दिलेल्या एका मुलीवर होता. "साहेब, पुसलेल्या सर्व्हरवर तिचंच नाव आहे. जाता जाता हात दाखवून गेली."

हे सर्व्हर म्हणजे भाड्याने घेतलेले, इंटरनेटवरून चालवायचे संगणक. कुठल्या सर्व्हरवर कुठलं ॲप्लिकेशन, कशासाठी, कोणाच्या जबाबदारीवर, ही माहिती सोबत साठवतात आणि लागेल तेव्हा काढून बघतात. ते लोक त्याला मेटाडेटा म्हणतात, बोलताना नुसतं लेबल. मी मनात म्हटलं, जप्त मुद्देमालाला आपण बांधतो ती चिठ्ठीच की ही.

मुलीला वडिलांसोबत दुपारी बोलावलं. ठाण्याजवळच्या दिव्याला राहणारी, घरातली पहिली पदवीधर. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, हे मी आजही छाती पुढे काढून सांगतो. त्यामुळे त्या वडिलांनी तिच्या सर्टिफिकेटांची फाइल पोटाशी का धरली होती, हे मला विचारावं लागलं नाही. पुढच्या सोमवारी ती नव्या नोकरीवर रुजू होणार होती. अटक झाली असती तर ही नोकरी गेलीच, पुढचीही मिळणं कठीण.

आमच्या महिला उपनिरीक्षक तिचा जबाब घेत होत्या. मुलगी रडली नाही. म्हणाली, "मॅडम, लेबल माझंच आहे. पण तो सर्व्हर मी केलेला नाही. आमच्याकडे नवीन लेबल लिहितं कोण? जुन्याचं उचलायचं, नव्याला चिकटवायचं. नंतर बदलू म्हणतात आणि कोणी बदलत नाही."

उपनिरीक्षकांनी मान वर केली. "साहेब, आपला खडवलीचा पंच."

आमच्या ठाण्यातही पंचनामा कोऱ्या पानावर टाइप होत नसे. जुनी फाइल उघडायची, नाव-गाव बदलायचं. एका चोरीच्या पंचनाम्यात मागच्या केसमधला खडवलीचा पंच तसाच राहिला होता. घटनास्थळी पाऊलही न ठेवता तो साक्षीदार झाला आणि कोर्टात आमची पुरती शोभा झाली.

उपनिरीक्षकांनी कंपनीच्या मालकांसमोर सगळ्या सर्व्हरची लेबलं काढायला लावली. मुलगी सोडून गेल्यानंतर केलेल्या सर्व्हरवरही तिचंच नाव. मग लेबल कोणाच्या खात्यातून लागलं, ती नोंद काढली. पुसलेल्या सर्व्हरचं लेबल आदल्याच आठवड्यात, मॅनेजरच्याच खात्यातून लागलेलं. तिच्या चाचणीच्या सर्व्हरवरून त्याने ते उचललं होतं, म्हणून 'चाचणी' हा शब्दही सोबत आला. आणि त्या कंपनीत 'चाचणी' लिहिलेले सर्व्हर दर रविवारी आपोआप पुसले जायचे. कोणी काही मुद्दाम पुसलंच नव्हतं.

मॅनेजरला समोर बसवून चहा दिला. समोरचा चहा गार होऊ देणारा माणूस बहुधा बोलायच्या बेतात असतो, हा माझा अनुभव. तो म्हणाला, "फिर्याद दिली त्याच संध्याकाळी माझ्या लक्षात आलं, साहेब. पण तोवर मालकांना तिचं नाव सांगून बसलो होतो."

मुलीचा काही दोष नाही आणि मॅनेजर माहीत असून गप्प बसला, असा अहवाल कोर्टात गेला. वेळापत्रकं जुन्या प्रतीवरून परत उभी राहिली. सोमवारी मुलीच्या वडिलांचा फोन आला. "साहेब, पोरगी ऑफिसात पोचली. एवढंच सांगायचं होतं."

नाव सापडलं की तपास संपला असं वाटतं. ते नाव कोणी लिहिलं हे आधी विचारायचं, हे मला आरोपी ठरता ठरता राहिलेल्या एका मुलीने आणि माझ्या हाताखालच्या अधिकारी बाईंनी शिकवलं. दोघींचे उपकार मी मानतो. आमच्या मुद्देमालाच्या चिठ्ठीवर त्यानंतर मी एक ओळ वाढवून घेतली: चिठ्ठी लिहिणाऱ्याचं नाव.

निवृत्तीच्या दिवशी माझ्या पुष्पगुच्छाला तशीच चिठ्ठी बांधलेली होती. वर्णन: साहेब, एक नग, चांगल्या स्थितीत. शेवटच्या ओळीत उपनिरीक्षकांची ठसठशीत सही. डोंबिवलीच्या घरी माझ्या कपाटाच्या कडीला ती अजून लटकते आहे.