मधल्या फळीवरची तिसरी बाटली

एकतीस वर्षं तिने दुसऱ्यांच्या प्रयोगांच्या बाटल्या धुतल्या. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ती परिचर होती. प्राध्यापक यायचे, तिने मांडून ठेवलेला प्रयोग करून दाखवायचे, हात झटकून जायचे. मागचं आवरायला ही. सगळे तिला बाटलीबाई म्हणत. नाव ऐकून नवख्याच्या भुवया वर जायच्या, आणि बाई तर अशी की चहासुद्धा अर्धाच कप घेणार.

निवृत्त झाल्यावर तिने परदेशातल्या शाळांना स्वयंसेवक पुरवणाऱ्या एका संस्थेचा अर्ज भरला. ‘प्रयोगशाळेत एकतीस वर्षं’ असं लिहिलं. खोटं काहीच नव्हतं. तिथे काय करत होतीस, हे कुणी विचारलं नाही आणि हिने सांगितलं नाही. उत्तर आलं ते असं : विज्ञानाची सहशिक्षिका, एक वर्षासाठी. जाऊबाईंनी पत्र दोनदा वाचलं. म्हणाल्या, “बाटलीबाईची खरीच बाई झाली म्हणायची. बघ हो, तिथेही बाटल्याच धुवायला लावतील.” विमानात बसल्यावरही ते वाक्य काही कानातून जाईना.

शाळेत विज्ञानाचे एक सर होते. फळ्यासमोर असे उभे राहत की लिहिलेलं कुणाला दिसू नये, म्हणून मुलं त्यांना खांब म्हणत. त्यांच्याशी बोलायला दोघांनाही कामापुरती येणारी एक तिसरीच भाषा होती, पण सर तीही जपून वापरत. पहिल्या दिवशी त्यांनी तिला कोपऱ्यातली खुर्ची दाखवली, पाय मोडलेल्या सांगाड्याशेजारी, आणि नुसतं बघायला सांगितलं. आठ दिवस ती बघत बसली. तिने तोंड उघडलं की सर घड्याळाकडे बघत. नवव्या दिवशी तास संपल्यावर त्यांनी परीक्षानळ्यांचा ट्रे तिच्यापुढे सरकवला आणि नळाकडे बोट केलं.

जाऊबाई काळजिभ्याच निघाल्या. तिचं पूर्वायुष्य सरांना ठाऊक नव्हतं. त्यांना नुसता अपमान करायचा होता, तो नेमका वर्मी बसला. ट्रे त्यांच्या डोक्यात घालावा इतका तिला राग आला. पण हातांना वळण पडलेलं. ब्रश फिरवला, नळी उजेडात धरली, तळाला काही राहिलं नाही ना ते बघितलं. इतक्या लखलखीत नळ्या त्या शाळेने जन्मात पाहिल्या नसतील. मग तिला स्वतःच्या हातांचाच संताप आला.

शनिवारी शाळेला सुट्टी होती. तिने रखवालदाराकडून किल्ली घेतली आणि रसायनांचं कपाट उघडलं. एकाही बाटलीवर धड चिठ्ठी नव्हती. ओघळांनी सगळ्या खाऊन टाकल्या होत्या. ओतताना चिठ्ठी तळहाताकडे धरली तर ओघळ तिच्यावर येत नाही, हे तिच्या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असे. आणि हे म्हणे सर! आठ दिवस कोपऱ्यात बसून तिने पाहिलं होतं, ते मागे न बघता कपाटात हात घालत आणि नुसत्या जागेवरून बाटली काढत. दिवसभर खपून तिने एकेक रसायन तपासलं, मोठ्या अक्षरांत नव्या चिठ्ठ्या चिकटवल्या, आम्लं खालच्या फळीवर ठेवली आणि बाकीच्यांची नव्याने मांडामांड केली. सोमवारी खांबाचा चेहरा कसा होतो, ते तिला बघायचं होतं. म्हणून ती कुणाला काही बोलली नाही.

सोमवारी नेमक्या मुख्याध्यापिका चार पालकांना घेऊन मागच्या बाकावर येऊन बसल्या. उच्छ्वासाने चुन्याची निवळी दुधाळ होते, हा धडा होता. सरांनी पाहुण्यांकडे बघत बोलता बोलता मागे हात घातला, मधल्या फळीवरची तिसरी बाटली काढली आणि चंचुपात्रात ओतली. पात्र पुढच्या बाकावरच्या मुलीच्या हातात दिलं, वर एक नळी दिली आणि फुंकर मारायला सांगितलं. बाटलीवरची चिठ्ठी सरांकडे पाठ करून, कोपऱ्यातल्या खुर्चीकडे तोंड करून होती. तिने स्वतःचंच अक्षर वाचलं. कॉस्टिक सोडा.

खुर्ची उलटली, सांगाडा आडवा झाला. मुलीच्या ओठांना नळी लागायच्या आत तिने पात्र हिसकावून घेतलं. मुलगी वाचली. द्रावण बाटलीबाईच्या मनगटावर सांडलं, आणि तिने हात नळाखाली धरला.

मुख्याध्यापिकांच्या खोलीत सरांनी तोंड सोडलं. माझं कपाट, माझी परवानगी नाही, या बाईला आजच्या आज परत पाठवा. तिच्या ओठावर उत्तर तयार होतं : डोळे असून चिठ्ठी वाचता येत नाही, तो कसला शिक्षक? पण त्या मुलीचे ओठ डोळ्यांसमोरून हलत नव्हते.

“चूक माझी आहे,” ती म्हणाली. “मी शिक्षिका नव्हते. प्रयोगशाळेत परिचर होते, बाटल्या धुवायचे. एकतीस वर्षांत एक बाटली जागची हलवली, तरी आधी तिथल्या सरांना सांगितलं. इथे शिक्षिका झाले, आणि सांगितलं नाही.”

मुख्याध्यापिकांनी सरांना विचारलं, मग पाठवायचं का परत?

“ही बाई मला आवडत नाही,” सर म्हणाले. “आवडणारही नाही. पण माझ्या कुठल्या बाटलीत काय आहे, ते आज या शाळेत हिलाच माहीत आहे. चिठ्ठ्या मी नऊ वर्षांत लावल्या नाहीत.”

दुसऱ्या दिवशी कपाटातल्या सगळ्या बाटल्या जुन्या जागी गेलेल्या होत्या. नवी चिठ्ठी मात्र एकही काढलेली नव्हती. सरांनी खडू तिच्यापुढे टेबलावर ठेवला आणि स्वतः कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसले.

“हा तास तुमचा. चुकलात तर वर्गासमोर सांगेन.”

“सांगा की,” ती म्हणाली. “पण बाटल्या हलवल्यात, तेही सांगायचं होतं.”

सरांनी घड्याळाकडे बघितलं. तिने मनगटावरची पट्टी सारखी केली, मधल्या फळीवरची तिसरी बाटली उचलली, चिठ्ठी वाचली, आणि ती तळहाताकडे कशी धरायची ते मुलांना दाखवायला लागली.