भागीच्या बांगड्या

हे मी देवापुढेसुद्धा बोलले नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखत असतात तर माझ्या हातचं पाणी प्यायला नसतात.

रत्नागिरीकडे वेड्यांच्या एका इस्पितळात मी बायकांच्या बाजूला दाई होते. बायका का बिथरतात, यावर तिथे मोठमोठी डोकी चालायची. गोरा साहेब म्हणायचा, पौर्णिमेमुळे. धाकटे डॉक्टर म्हणायचे, डोक्यात उष्णता चढते. मग थंड पाण्याच्या घागरी, हातांना पट्टे, कडू औषध. शहाणे कुठले! बिथरलेल्या बाईला 'काय झालं गो?' एवढं विचारायची अक्कल एकालाही नव्हती. मला होती. म्हणून तर माझं पाप मोठं.

नवी बाई आली की तिच्या काचेच्या बांगड्या फोडायच्या, हा तिथला नियम — काचेने कुणी स्वतःला कापून घेऊ नये म्हणून. कुंकूही मिळायचं नाही. नियम करणाऱ्याला ठाऊक नसेल, घरी बायकोच्या बांगड्या कधी फोडतात ते?

भागी सावर्ड्याच्या आतल्या एका गावातली. नवरा मुंबईला गिरणीत. बाळंतपणात मूल गेलं, ती बोलेनाशी झाली, आणि सासरच्यांनी तिला आणून टाकली. मागे वळूनही बघितलं नाही. ती भागी बांगड्या फुटल्यावर पहिल्यांदा बोलली.

"बाय, माजा घोव ग्येला काय?"

दिवसभर तेच. माझा पदर धरून तेच. एवढा कसला नवऱ्याचा सोस? माझ्या बांगड्या ऐन विशीत फुटल्या तेव्हा मी कुणाला काही विचारलं होतं? — नाही, ही सबब नव्हे. मला तिचा राग आला, एवढंच. तिला अजून नवरा होता, याचा राग.

"होय, ग्येला," मी म्हटलं. "आता गप ऱ्हा."

ती गप राहिली नाही. भिंतीवर डोकं आपटू लागली. डॉक्टर म्हणाले, पौर्णिमा जवळ आली. मी मान डोलावली. का डोलावली? नोकरी जाईल म्हणून, दुसरं काय! मी तेवढ्याच लायकीची होते.

शिमग्याला नवरा आगबोटीने आला, हिरव्या बांगड्या घेऊन. त्याला बघताच भागी 'भूत, भूत' किंचाळत खाटेखाली शिरली. डॉक्टरांनी त्याला सांगितलं, नवऱ्यालाही ओळखत नाही, आता आशा सोडा. मी तिथेच उभी होते. माझं एक वाक्य पुरलं असतं. बरी झाली की भरा तिला, म्हणत त्याने बांगड्यांची पुडी माझ्याच हातात दिली आणि डोळे पुशीत गेला. पुढे त्याने दुसरं लग्न केल्याचं कळलं.

भागी हळूहळू शांत झाली. डॉक्टरांनी श्रेय थंड पाण्याला दिलं — देणारच. ती माझ्याजवळ येऊन बसायची, आपली अर्धी भाकरी माझ्यापुढे करायची. "तुजा बी ग्येला, माजा बी ग्येला," म्हणायची. आणि मी ती भाकरी खायची.

काही वर्षांनी ती तापाने गेली. तिला शेवटची आंघोळ घालताना नव्या दाईने मला विचारलं — सवाष्ण ना ही? कुंकू लावू ना? हिरव्या बांगड्या माझ्या पेटीत होत्या. पुडीचा दोराही सोडलेला नव्हता.

"नको," मी म्हटलं. "हिचा घोव कधीच ग्येला."