अण्णांच्या पेटीचा भाता

शामूअण्णा स्टुडिओत आले की आधी पंखा बंद करायचे, मग माझं तोंड. "ताई, जरा गप बसा की. खोली काय म्हणतीया ऐकू द्या." मंगळवार पेठेतला हा रेकॉर्डिंग स्टुडिओ मी वीस वर्षं चालवते. माझ्याच जागेत मला गप्प करणारा हा एकटा माणूस.

मूळचे मुरगूडचे. उमर भजनी मंडळांत पेटी वाजवण्यात गेली. पेटीही तितकीच जुनी. भाता फाटलेला, वारा गळायचा. दुरुस्तीचं नाव काढलं की म्हणायचे, "माझं गुडघं तरी कुठं दुरुस्त हायत?"

सत्तरीत त्यांना पहिला सिनेमा मिळाला, पार्श्वसंगीताचा. त्यातला नवरा परक्या बाईपायी वेडा झालेला. दुपारी बायकोचा डोळा लागला की हा त्या बाईच्या जिन्याखाली जाऊन उभा. शेवटी तिच्याच जिवावर उठतो. जिन्याचा प्रसंग अण्णांनी आवाज बंद करून कितीदा तरी पाहिला. मग माइक भात्याशी ओढला आणि एकही पट्टी न दाबता नुसता भाता मारत राहिले. हफ्... हफ्...

"सूर कुठंय, अण्णा?"

"सुरात घेतला तर त्यो आशिक वाटंल की! ह्यो आशिक न्हाय, ताई. जनावर धापा टाकतंय."

काम मुंबईला पाठवताना म्हणाले, "वर ठळक लिवा, ह्यो आवाज मुद्दाम हाय."

"सिनेमावाल्यांना कान असतात, अण्णा," मी म्हटलं. लिहिलं नाही.

पहिल्या खेळाला अण्णा इस्त्रीचं धोतर नेसून आले. जिना आला आणि व्हायोलिनं सुरू झाली. गोड, रडकी. भाता गायब. मागून कुणीतरी नवऱ्यासाठी शिट्टी मारली.

मध्यंतरात मी मुंबईला फोन लावला. "मॅडम, खरखर होती, साफ करून वर व्हायोलिनं घालून दिली," तिकडचा साउंडवाला उपकार केल्यासारखा बोलला. त्याला मी जे ऐकवलं ते छापण्यासारखं नाही. म्हाताऱ्या माणसाचं काम पुसायचं, आणि विचारायचंसुद्धा नाही?

अण्णांनी एवढंच विचारलं, "लिवलं हुतं न्हवं?"

"हो," मी म्हटलं.

गेल्या महिन्यात अण्णा गेले. शोकसभेत एक गृहस्थ उठले आणि "अण्णांची ती व्हायोलिनं" म्हणून गहिवरले. माझं डोकं फिरलं. मी उठले, पंखे बंद केले, मूळ आवाज फोनवरून लावला. हफ्... हफ्... पुढच्या रांगेतल्या काकू, अण्णांच्या पत्नी, म्हणाल्या, "व्हय, ही आमच्या घरातली पेटी."

मग मी, न लिहिलेल्या त्या ओळीचंही सांगितलं. सगळ्यांसमोर.