म्हशीला सांगितलेल्या गोष्टी

धानोऱ्याला सून म्हणून आले तेव्हा पहिला धडा मिळाला तो गप्प बसण्याचा. सासऱ्यासमोर पदर नाकापर्यंत ओढायचा आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. मी माहेरची बडबडी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तसलंच ते. सासूबाई होत्या तोवर निभलं. काय सांगायचं ते त्यांना सांगायचं, त्या पुढं पोचवायच्या.

सासूबाई गेल्या आणि घरात सासऱ्यांशी बोलणारं कोणी उरलं नाही. माझा नवरा दिवसभर शेतात, पोर शाळेत. सासरे ओसरीत खाटेवर. मी मान खाली घालून ताट ठेवायची आणि आत पळायची. गाव वाखाणायचं, सून किती मर्यादेची! डोंबलाची मर्यादा. त्या मर्यादेपायीच म्हातारा सुकत चालला होता. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकर हा त्यांचा जीव की प्राण, तीही अर्धी उरायला लागली, मग चतकोरही जाईना. ताप नाही, पोटदुखी नाही. काढा झाला, अंगारा झाला. माझ्या नवऱ्यानं विचारलं तर भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "भूक नही रे भाऊ." मला धडकीच भरली. माझ्या बाळंतपणात भर पावसात गाडी जुंपून सुईण आणणारा माणूस तो. बापापेक्षा कमी नव्हता मला.

म्हैस ओसरीसमोरच खुंट्याला बांधलेली असायची. एका दुपारी ताट तसंच परत आलं आणि माझं डोकं फिरलं. वैरण टाकता टाकता मी म्हशीलाच विचारलं, बाई गं, भरलं ताट परत येतंय, माझ्या हाताला काय रोग झालाय ते तरी सांग. लेकी बोले सुने लागे म्हणतात, इथं म्हशी बोले सासऱ्या लागे. खाट करकरली. मग तेही म्हशीलाच म्हणाले, "तुन्ही मालकीणले सांग, हात चांगला शे. एकलाले घास गोड लागत नही."

मग काय, जेवणाच्या वेळी मी ओसरीत थांबायची आणि म्हशीला सगळं सांगायची. मिरचीला काय भाव आला, शेजारणीचं कोणाशी वाजलं. तेही तिलाच सारंगखेड्याच्या जत्रेतल्या घोड्यांची वर्णनं ऐकवायचे आणि मधेच ठेचा मागायचे. बायका मला हसायच्या. हसा म्हटलं, माझा सासरा अख्खी भाकर खातोय. फार सुखाची वर्षं होती ती.

पुढं म्हैस म्हातारी होऊन मेली. दुसऱ्या दिवशी ताट ठेवलं आणि खुंट्याकडं बघत उभी राहिले. तोंड उघडेना. त्यांचाही हात भाकरीकडं जाईना. पुन्हा तेच दिवस येणार, असं वाटलं.

"खुटाले सांग नहीते माले सांग," ते म्हणाले, "पण सांग, व माय."

मी पदर होता तसाच ठेवला, उंबऱ्यावर बसले आणि पहिल्यांदा सरळ त्यांनाच म्हणाले, "पहिले भाकर खाई ल्या, मग सांगसू."

त्यांनी ताट पुढं ओढलं.