दहा तांबे पाणी, अकरा तांबे तेल

डोक्यावर भार घेऊन चढ चढणारी बाई दिसली, की ती घटना मला आजही आठवते. पोलीस खाते सोडून मी आता प्रयोगशाळेत काम करते. परंतु मोजमापाची सर्वांत थक्क करणारी साक्ष मी पोलादपूर तालुक्यातल्या एका चौकीत ऐकली. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून मी उपनिरीक्षक झाले होते. नोकरीचे ते पहिलेच वर्ष.

डोंगरावरच्या एका वाडीच्या वार्षिक जेवणासाठी महाडच्या बाजारातून तेलाचे चार डबे आले होते. शेवटच्या चढावर गाडी जात नाही. तिथून वाडीचे सामान पन्नाशीची एक विधवा डोक्यावरून नेई. डब्याच्या कडा रुततात म्हणून ती पायथ्याशी तेल गोल कॅनमध्ये ओतून घेई. वर वजन केले, तेव्हा प्रत्येक कॅनमध्ये पंधराऐवजी साडेतेरा किलोच्या आसपासच तेल भरले.

वाडीच्या मुंबई मंडळाचे अध्यक्ष तक्रार अर्ज आणि चारही कॅन घेऊन चौकीत आले. "पंधराचा डबा पंधराच भरणार. सिंपल आहे, मॅडम." तिच्या घरात तेल दडवलेले आहे, अशी खबरही कुणी दिली. झडतीत एक बाटली सापडली, पण ती शेंगतेलाची. जेवणाचे तेल सोयाबीनचे होते. तरीही वाडीने ठरवून टाकले होते, की चोरी ठरली तर तिला पुन्हा कुणी भार द्यायचा नाही. तिचे पोट त्या भारावरच होते.

मला एक गोष्ट खटकत होती. चारही कॅनमधली तूट अगदी सारखी होती. आडवाटेला घाईने तेल काढणाऱ्याचा हात इतका नेमका चालत नाही.

चौकशीत ती शांत होती. म्हणाली, "तेल पाण्यावानी जड नसतं, मॅडम. दहा तांबे पाण्याचा भार, तो अकरा तांबे तेलाचा. मानेला समजतं."

"आता मानेचा पंचनामा करायचा काय गो?" हवालदार हसले.

"करा. पण आधी एक चढ चढून या."

मी शेजारच्या दुकानातला काटा मागवला. पंचांसमोर एका बादलीत दहा तांबे पाणी, तसल्याच दुसरीत अकरा तांबे तेल घातले. आकडे जवळजवळ जुळले. घनतेची कोष्टके मला पाठ होती. ही बाई शाळेत गेली नव्हती, आणि तेच गुणोत्तर तिने मानेने काढले होते.

मग मी रिकामे डबे शोधले. एक पायथ्याच्या चहावाल्याकडे पाण्यासाठी ठेवलेला मिळाला. त्यावर छापले होते: पंधरा लिटर, आणि खाली बारीक अक्षरात, १३.६५ किलो. नेहमीचे पंधरा किलोचे डबे संपले म्हणून यंदा लिटरचे दिले, असे दुकानदाराने जबाबात सांगितले. अध्यक्षांनी अर्ज मागे घेतला, तिच्यासमोर मान खाली घालून.

अर्जात 'पंधरा' हा आकडा मीही वाचला होता. पंधरा काय, हे विचारायला मात्र मला दोन दिवस लागले. तेव्हापासून कोणतीही संख्या मी एककाशिवाय स्वीकारत नाही, मग ती कागदावर असो वा माणसाच्या तोंडी.

तेल परत वाडीवर न्यायचे होते. तिने पहिला कॅन डोक्यावर घेतला, दोन पावले टाकली आणि थांबली.

"ह्यात तांब्याभर कमी हाय."

हवालदारांनी वळून पाहिले. प्रयोगानंतर बादलीतले तेल परत कॅनमध्ये ओतताना शेवटचा तांब्या, भरलेला, टेबलावर तसाच राहिला होता. त्या प्रकरणात तेल खरोखर कमी झाले ते आमच्या चौकीतच, आणि ते तिनेच पकडले.