यंत्र 'हो' म्हणालं तरी

सिंगापूरच्या बुकित तिमाह भागातल्या आमच्या काँडोच्या, म्हणजे सोसायटीच्या, कार पार्कमध्ये एक चिनी आजोबा रोज सकाळी दिसायचे. नातीला मागे बसवायचे आणि रात्रीची दारू श्वासात उरलीय का, ते बघायला एका छोट्या यंत्रात फुंकायचे. आकडा बघून, नळी रुमालाने पुसून मगच गाडी काढायचे.

शुक्रवारी ऑफिसच्या पार्टीत मीही प्यायचो. घरी टॅक्सीने यायचो, म्हणून स्वतःला जबाबदार समजायचो. शनिवारी सकाळी मुलीला पोहायला नेताना मात्र रात्रीची आठवणही नसायची.

एका शनिवारी आजोबांच्या यंत्रावर शून्य दिसलं, तरी त्यांनी नातीला खाली उतरवलं.

"अंकल, शून्य आलं ना?" मी विचारलं.

"आलं. पण डोकं जड आहे. यंत्र 'नको' म्हणालं तर मी ऐकतो. 'हो' म्हणालं तर स्वतःला विचारतो."

"मग असलं यंत्र घ्यावं की नाही?"

हसत त्यांनी नवी नळी लावून यंत्र माझ्यापुढे धरलं. "फुंकून बघ लाह!" ते खास सिंगापुरी लकबीत म्हणाले.

काल रात्री मीही प्यायलो होतो आणि माझी मुलगी गाडीत पट्टा लावून बसली होती. शून्य आलं असतं तर मी कसलाही विचार न करता निघालो असतो. मी यंत्र घेतलं नाही.

"उतर बाळा, बसने जाऊ."

"बाबा, लेट होणार लाह!"

"माझे आजोबा पण असंच करतात," त्यांची नात तिला इंग्रजीत म्हणाली, आणि दोघी बसस्टॉपकडे पळाल्या. आजोबा आणि मी त्यांच्या मागून चालत राहिलो.